नकार देण्याची ऐपत

शिरूर कासारात बसून सक्तीच्या लष्करभरतीवर लेख लिहायचा म्हटले तर वाचक आधी हसेल. बीड जिल्ह्यातल्या, सिंदफणेच्या काठच्या ह्या तालुक्यात पोरांना सैन्यात ढकलावे लागत नाही. भरतीची जाहिरात निघाली की पोरे आपणहून पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरची वेळ लावून पळतात, आणि मेडिकलला बाद झालेल्या पोराच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटत नाही. भारताने १९६२ मध्ये सक्तीची भरती केली नाही, १९६५ मध्ये केली नाही, १९७१ मध्येही नाही. त्यामुळे युद्धकाळातली सक्ती आणि माणसाचा सदसद्विवेक हा आपल्याला विलायतेतल्या पुस्तकातला प्रश्न वाटतो.

माझे म्हणणे असे की प्रश्न आपलाच आहे, फक्त आपल्याकडे तो दुसऱ्या दाराने आत आला. त्यावर कायदेमंडळात बसून सर्वांत जास्त काम ज्या माणसाने केले, त्याचा पुतळा मराठवाड्यातल्या गावोगावी उभा आहे. ह्या कामासाठी मात्र त्याचे नाव कोणी घेत नाही.

आधी विलायतेचे दार पाहू. जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनने पहिल्यांदा भरती सक्तीची केली. सुरुवातीला १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष आणि मुलांची जबाबदारी नसलेले विधुर, थोड्याच महिन्यांत विवाहितही. त्या कायद्यात सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी एक कलम आहे. ते तसे राहावे आणि त्याला काही अर्थ उरावा म्हणून पार्लमेंटात ज्यांनी खटपट केली, त्यांत एडमंड हार्वे आणि आर्नल्ड राउंट्री हे दोन क्वेकर पंथाचे खासदार होते. युद्ध चालू असताना, रस्त्यावर झेंडे फडकत असताना, 'मारणार नाही' म्हणणाऱ्याची बाजू सभागृहात मांडणे हे सोपे काम नव्हे. कलम झाले तरी ते राबवणाऱ्या स्थानिक न्यायाधिकरणांनी अनेकांना हिडीसफिडीस करून परत पाठवले. नकार देणाऱ्या ३५ जणांना फ्रान्समध्ये लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. तो पुढे सक्तमजुरीवर आला. दुसऱ्या महायुद्धात हार्वे पुन्हा खासदार होते आणि पुन्हा हेच काम करत होते.

मला ह्या माणसांविषयी आदर आहे. पण त्यांच्या प्रश्नाच्या पोटात दोन गृहीतके आहेत. पहिले, सरकार तुम्हाला शिपाई व्हायच्या लायकीचा समजते. दुसरे, तुम्ही नाही म्हणालात तर तुरुंगात जाल, बदनाम व्हाल, पण तुमच्या घरची माणसे केवळ त्या नकारापायी अन्नाला मोताद होणार नाहीत. आपल्याकडे ही दोन्ही गृहीतके लागू पडत नव्हती.

त्याच पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हिंदुस्थानातही सक्ती झाली होती. ती इथल्या गोऱ्यांवर. हिंदी माणसासाठी त्या संरक्षण दलात नाव घालणे ऐच्छिक होते, कारण त्याच्या हाती बंदूक सक्तीने देण्याइतका त्याच्यावर विश्वास नव्हता. (कागदावर ऐच्छिक असलेल्या पंजाबातल्या फौजभरतीत गावागावांना आकडे कसे वाटून दिले गेले, हा वेगळाच अध्याय.) जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक उभे राहिले ते हेच सांगायला, की माणसे हवीत तर बरोबरीचा हक्कही द्या. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने त्यांना मध्येच तोडले आणि टिळक उठून गेले. टिळकांचा आक्षेप युद्धाला नव्हता, बिनहक्काच्या चाकरीला होता.

महारांचे गाऱ्हाणे त्याच्याही खालच्या पायरीवरून येत होते. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या लोकांची नावे कोरलेली आहेत, त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'चे खूळ काढून बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर, पुढे शिवराम जानबा कांबळे, ह्यांनी सरकारकडे अर्ज केले ते सैन्यातून सूट मागण्यासाठी नव्हेत, सैन्यात घ्या म्हणून. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा एक महार पलटण उभी केली, युद्ध सरल्यावर मोडली. पुन्हा युद्ध आले तेव्हा, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदार रामजींचा मुलगा, म्हणजे डॉ. आंबेडकर, त्या वर्षी व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण समितीवर होता आणि आपल्या लोकांना फौजेत जा म्हणून सांगत होता. ज्याला चारशे वर्षांत कोणी शस्त्र धरू दिले तर उपकार केल्यासारखे दिले, त्याला शस्त्र नाकारण्याचे तत्त्वज्ञान काय सांगणार?

एक वर्ष आधी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण केले होते. ह्या युद्धाला माणसांची वा पैशाची मदत करणे गैर आहे, असे उघड बोलून ते चौथ्या दिवशी अटकेत गेले आणि तीन महिन्यांची सजा भोगली. आपल्याकडच्या युद्धविरोधी विवेकाचे इतके निखळ उदाहरण दुसरे नाही. पण विनोबांनी घर, मिळकत, पगार सगळे आधीच सोडलेले होते. नकाराची पूर्ण किंमत त्यांनी स्वतः भरली आणि ती त्यांना भरता आली, कारण त्यांच्यामागे उधारी मागणारे कोणी नव्हते. पवनारचा सत्याग्रही आणि बेळगावचा रंगरूट ह्यांना एकमेकांसमोर उभे करून एकाला विवेकी आणि दुसऱ्याला पोटभरू ठरवणे हा आपल्या वैचारिक लेखनातला जुना आळस आहे.

आता आंबेडकरांच्या कायदेमंडळातल्या कामाकडे. ह्यात युद्धापूर्वीचा एक दिवस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: १५ सप्टेंबर १९३८. मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले होते. तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर कामगाराला शिक्षा, हा त्याचा गाभा. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी वादाची जागाच बदलून टाकली. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग असेल, त्यावर दिवाणी दावा लावा. पण काम थांबवले म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवणे म्हणजे त्याच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेणे, आणि ते गुलामगिरीचेच रूप आहे. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्यांनी संपाचा हक्क कोणत्या तोंडाने हिरावून घ्यायचा, असेही त्यांनी विचारले. विधेयक मंजूर झालेच. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला.

त्या भाषणात युद्ध नाही, फौज नाही. तरीही सक्तीविषयी मराठी माणसाने सभागृहात केलेला सर्वांत मूलगामी विचार मला तिथेच सापडतो. नकार देण्याचा हक्क कोणत्या उदात्त श्रद्धेतून येतो हे ते विचारत बसत नाहीत. माझे अंग माझे आहे, माझे श्रम माझे आहेत, एवढे पुरे. क्वेकर खासदारांना आपल्या लोकांची श्रद्धा न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावी लागत होती. आंबेडकरांच्या गिरणी कामगाराला देवाचा दाखला आणायची गरज नव्हती.

वर्षभरात युद्ध आले. ऑक्टोबर १९३९ मध्ये काँग्रेस सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर ह्यांनी मुंबई विधानसभेत युद्धाविषयीचा ठराव मांडला. हिंदी जनतेला न विचारता तिला युद्धात ओढले, ही काँग्रेसची तक्रार रास्तच होती. त्या चर्चेत आंबेडकरांनी आपल्या निष्ठेचा क्रम उघड सांगितला. स्वतःचे हित आणि देशाचे हित ह्यांत झगडा असेल तर देश आधी. पण देश आणि अस्पृश्य समाज ह्यांच्या हितांत झगडा असेल तर समाज आधी. हे वाक्य आजही काहींना टोचते. मला त्यात लोकप्रतिनिधीच्या विवेकाचा नमुना दिसतो: युद्धज्वराच्या दिवसांत सभागृहात उभे राहून, आपण कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणती रेष ओलांडणार नाही, हे आधीच नोंदवून ठेवणे.

आणि मग अवघड भाग. जुलै १९४२ मध्ये हेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याकडे तांत्रिक कामगारांच्या राष्ट्रीय सेवेचा १९४० चा अध्यादेश होता: फिटर, टर्नर, वेल्डर ह्यांना युद्धसामग्रीच्या कारखान्यात जाण्याचा हुकूम देता येई आणि परवानगीशिवाय तिथून हलता येत नसे. भारत संरक्षण नियमांखाली संपांवर बंधने आणि सक्तीचा लवादही होता. १९३८ मध्ये ज्याला त्यांनी गुलामगिरी म्हटले, तिची युद्धकालीन आवृत्ती १९४२ नंतर त्यांच्याच टेबलावर होती.

ह्याहून बोचरी गोष्ट कोळशाच्या खाणींची. बायकांना जमिनीखाली कामाला लावण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला, पुरुष लष्करी बांधकामांकडे जास्त मजुरीला गेले, आणि १९४३ मध्ये बंदी उठवली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर सरकारला धारेवर धरले गेले तेव्हा बचाव करायला उभे होते आंबेडकर. ही आणीबाणी आहे, तात्पुरती आहे, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हा त्यांचा युक्तिवाद. तो मला पटत नाही. खाणीत उतरणाऱ्या बाईपुढे पर्याय काय होता, हा १९३८ च्या आंबेडकरांचा प्रश्न १९४४ च्या आंबेडकरांना विचारायला हवा होता. त्यांच्या बाजूने इतके नक्की म्हणता येते की समान मजुरीची अट त्यांनी सरकारी बाकावरून बोलून दाखवली, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत, ते मंत्री असतानाच, बंदी परत आली. 'तात्पुरते' म्हणून केलेली सक्ती खरोखर मागे घेतली गेली, अशी उदाहरणे आपल्या इतिहासात बोटांवर मोजण्यासारखी.

शिरूर तेव्हा निजामाच्या मुलखात होते, ब्रिटिश हिंदुस्थानच्या अध्यादेशांपलीकडे. इथल्या माणसाला सक्ती कळत होती ती वेठबिगारीतून: पाटलाचा, देशमुखाचा, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचा बोलावा आला की हातातले काम टाकून जायचे. हा बोलावा सगळ्या गावाला येत नसे. तो ठरलेल्या घरांनाच येई, आणि ती घरे गावाच्या कोणत्या बाजूला असत हे सांगायला नको.

संविधानातले तेविसावे कलम हा सगळा इतिहास पोटात घेऊन जन्मले. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत ते चर्चेला आले. निजामाची राजवट संपून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. पहिल्या उपकलमात माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी ह्यांना बंदी. दुसऱ्या उपकलमात अपवाद: सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग ह्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. 'सार्वजनिक' ऐवजी 'सामाजिक किंवा राष्ट्रीय' असे शब्द घालावेत, ही ह. वि. कामतांची दुरुस्ती टिकली नाही.

हे दुसरे उपकलम म्हणजेच आपला लष्करी सक्तीचा दरवाजा. तो आजवर कोणी पूर्ण उघडला नाही, पण कुलूपही लावलेले नाही. त्याची घडण पाहा. जातीने भेद नको, वर्गाने भेद नको. म्हणजे श्रीमंताने पैसे भरून पोराला सोडवायचे आणि गरिबाने पाठवायचे, हे चालणार नाही. ब्रिटिश कायद्यात नाही ती समतेची अट इथे मुळातच आहे. पण शस्त्र नाकारणाऱ्याच्या विवेकासाठी एक शब्द नाही. आणि पंधराव्या कलमात जो 'लिंग' हा आधार आहे तो इथे गाळलेला आहे. उद्या फक्त पुरुषांवर सक्ती केली, किंवा फक्त बायकांवर, तर हे उपकलम आड येणार नाही.

आंबेडकरांनी विवेकाची फट का ठेवली नसेल? मला वाटते, त्यांच्या अनुभवात सूट ही नेहमी वरच्यांना मिळत आली होती. नकार देणारा माणूस म्हणजे ज्याची गावात पत आहे असा. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकट्यावरच वेठ पडली, त्याला न्याय दिसतो तो 'पडलीच तर सगळ्यांवर सारखी पडो' ह्यात. ही दृष्टी खरी आहे. मला ती अपुरी वाटते. समान सक्ती झाली म्हणजे सक्ती न्याय्य झाली असे नाही. १९३८ चे भाषण वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये. अमेरिकेने व्हिएतनामच्या वेळी भरती सगळ्यांवर लादली, पण कॉलेजात शिकणाऱ्यांना ती पुढे ढकलण्याची सोय ठेवली, आणि शिकायला न परवडणाऱ्यांची पोरे पुढे गेली. समतेची पाटी लावूनही सक्ती खालच्याच घरात शिरते.

आपल्याकडे हा दरवाजा किलकिला करण्याचे प्रयत्न झालेच. चीनच्या युद्धानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. पाचेक वर्षांत ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. बांगलादेश युद्धानंतर १९७२ मध्ये डॉक्टर-इंजिनियरांकडून राष्ट्रीय सेवा घेण्याचा कायदा संसदेने केला. १९७६ मध्ये, विरोधी नेते तुरुंगात असताना, बेचाळिसाव्या दुरुस्तीने 'आवाहन झाल्यास राष्ट्रीय सेवा करणे' हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. २०१८ मध्ये संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने, सरकारी अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांना पाच वर्षे लष्करी सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली. प्रत्येक वेळी चर्चा शिस्तीची, देशभक्तीची, अधिकाऱ्यांच्या तुटवड्याची. ज्याला मारणे अधर्म वाटते त्या जैन, वारकरी किंवा नास्तिक पोराचे काय, हा प्रश्न अजेंड्यावर येत नाही.

न्यायालये मात्र दोनदा ह्या प्रश्नाच्या जवळ गेली. केरळातल्या तीन शाळकरी मुलांनी श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गायले नाही. ती आदराने उभी राहत होती, एवढे पुरे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटले. त्याआधी १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, न्या. भगवतींनी तेविसाव्या कलमाचा असा अर्थ लावला की भुकेपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबणे हीदेखील सक्तीची मजुरीच. लाठीची सक्ती आणि पोटाची सक्ती ह्यांतली भिंत त्या निकालाने पाडली.

आणि इथे शिरूर कासार परत चर्चेत येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून ट्रक भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फडातून पाय काढता येत नाही. आजारपणाने एक दिवस गेला तरी खाडा पडतो. पाळीच्या दिवसांतला खाडा टाळायला बायकांनी गर्भाशये काढून टाकली, हे २०१९ मध्ये बीडच्या नावाने देशभर छापून आले आणि नीलम गोऱ्हे ह्यांच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. १९४३ ची खाण आणि आजचा फड ह्यांत फरक एवढाच, की खाणीतल्या सक्तीवर कायदेमंडळात खडाजंगी झाली होती आणि तिची मुदत संपवली गेली होती.

ह्या फडातून सुटण्याची जी दोन-तीन दारे तरुणापुढे आहेत त्यांत फौज हे सर्वांत इज्जतीचे. २०२२ पासून ते दारही चार वर्षांचे झाले. अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होणार. तरीही पोरे पळताहेत. त्यांच्या अभिमानावर मी शंका घेत नाही. गावातला जवान सुट्टीवर येतो तेव्हा पारावरची बसण्याची पद्धत बदलते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा अभिमान खरा आहे हे कळते. माझा प्रश्न अभिमानाविषयी नाही. ह्या पोराला नाही म्हणूनही नीट जगता आले असते का, एवढाच तो आहे.

कोणी म्हणेल, असे पाहिले तर प्रत्येक नोकरी सक्तीचीच ठरेल. नाही ठरणार. कारकून राजीनामा टाकून घरी येऊ शकतो. जवान ऐन वेळी 'हा हुकूम मला पटत नाही' म्हणाला तर लष्करी कायद्याने त्याची जागा कोठडीत. जिथे मागे फिरता येत नाही आणि जीव द्यायचा-घ्यायचा आहे, तिथे आत शिरताना माणूस मोकळा होता की नाही हे जास्त काटेकोरपणे तपासायला हवे. बेकाराला मूलभूत हक्कांची किंमत किती, हा सवाल आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये केला होता; पोटासाठी तो हक्क सोडून द्यायला तयार होतो, हे त्यांचे उत्तर.

हे सभागृहात मांडायचे कोणी? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार-आमदार व्हिपला बांधलेला. स्वतःच्या विवेकाने मत दिले तर सदस्यत्व जाते. सक्तीच्या भरतीवर उद्या मतदान झाले, तर ते करणारेही भरती केलेलेच असतील, हा विनोद मला फार हसवत नाही. तरी व्हिप मतदानाला बांधतो, भाषणाला आणि खासगी विधेयकाला सहसा नाही. एक छोटे विधेयक पुरेसे आहे: तेविसाव्या कलमाखाली कोणतीही सक्तीची सेवा लादताना तिची मुदत कायद्यातच लिहिली पाहिजे, ती लिंगावरून भेद करणारी नसली पाहिजे, आणि शस्त्र नाकारणाऱ्याला तितक्याच मुदतीची, तितक्याच कष्टाची बिनशस्त्र सेवा मागता आली पाहिजे. ते मंजूर होणार नाही, हे मला ठाऊक आहे. १९३८ चे भाषणही जिंकले नव्हते.

पत्री सरकार चालवून युद्धकाळातल्या राजसत्तेला तोंडावर नाही म्हणणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांना बीडने १९६७ मध्ये लोकसभेत पाठवले होते. तेव्हा पुढच्या निवडणुकीत शिरूरच्या बाजारात मत मागायला जो येईल, त्याला रस्ता, पाणी, पीकविमा ह्यांच्या जोडीला हेही विचारा: उचल फेडता न आल्याने फडात अडकलेल्या कोयत्याला बाहेर काढणारा कायदा तू मांडशील का, आणि उद्या सक्तीच्या भरतीचा कायदा आलाच तर नाही म्हणणाऱ्यासाठी त्यात एक कलम मागशील का? उत्तर लिहून घ्या आणि त्याची सही घ्या.